आमच्या चिमीला काय सोसतं?

काल सकाळी चिमीला न्हाऊ घातलं आणि ती रडली नाही! इथे जुन्नरात सगळ्या आळीला सांगून झालं, आता तुम्हालाही सांगते...

चिमी माझी पहिली लेक. जन्मली तेव्हा कातडी इतकी पातळ, की आतल्या निळ्या शिरा दिसायच्या. तिच्यासाठी घरात नुसती चढाओढ! सासूबाईंनी हळद घालून हरभऱ्याच्या डाळीचं पीठ दळून ठेवलेलं, माझा भाऊ मुंबईहून सोनेरी कागदातला वासाचा साबण घेऊन आलेला. हौसेने रोज दोन्ही लावणं चालू होतं...

बारसं जेमतेम पार पडलं आणि तिच्या अंगावर लाल चट्टे उठले. मानेच्या वळ्यांत, काखेत, गुडघ्यांमागे. हात लावला की किंचाळायची, दूधही धड पिईना.

सासूबाई म्हणायच्या साबणाने झालं, भाऊ म्हणायचा पिठाने. मला तर काही सुचेनासं झालं होतं.

शेवटी शेजारच्या अमिनाभाभी बघायला आल्या. त्यांच्या धाकट्यालाही तान्हेपणी असंच झालं होतं. त्यांनी चिमीला मांडीवर घेऊन अंग नीट पाहिलं आणि मला म्हणाल्या, “समदं एकदम लावलं तर काय चावतंय ते कळणार कसं? आधी सगळं बंद कर. मग एकेक लावून बघ, तेही जराशा जागेवर.”

मग चट्टे बसेपर्यंत नुसतं कोमट पाणी आणि धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या धोतराची दुपटी. अंग निवळल्यावर पोटरीवर चिमूटभर पीठ लावलं... संध्याकाळी तिथे लाल. पुढे दुसऱ्या पायाला साबण लावला, तर तिथेही लाल!

आता घरात लावण्यासारखं राहिलं ते घाण्याचं खोबरेल. पाय निवळल्यावर पोटरीवर दोन थेंब लावले आणि दिवसभर दुपटं बाजूला सारून बघत बसले. दुसऱ्या दिवशी उजाडलं तरी पाय जसाच्या तसा, मऊ! मला नाचावंसं वाटत होतं, पण सासूबाईंना पिठाचं कसं सांगायचं, हा घोर होताच.

पिठाने लाल झालेली पोटरी त्यांनी आधी पाहिलीच होती; आता स्वतःच तेल लावलेला पाय निरखून पाहिला. मग पिठाचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवून दिला.

“माझ्या समद्या लेकरांना ह्येच लावलं,” त्या म्हणाल्या. “पण ही पोर येगळी हाय. तिला सोसंल त्येच लावू.”

काल त्यांनीच पाय पसरून चिमीला पायांवर घेतलं. कोमट तेल हलक्या हाताने जिरवलं, वरून नुसतं पाणी. चिमीने एकदा डोळे मोठे करून त्यांच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि न्हाता न्हाताच झोपली...

एवढ्याशा जिवालाही आपलं काही सांगायचं असतं. ते ऐकून घेणारी माणसं माझ्या लेकीला मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतंय.