तीन सूर, मग दोन

राऊत सिस्टरांनी मोबाइल बंद केला. आवाज चालूच राहिला.

टिट टिट टिट, टिट टिट. तीन सूर, मग दोन. जरा थांबून पुन्हा तेच.

हॉलमध्ये आम्ही पाच माणसं होतो. बाकी पांढऱ्या कव्हरच्या खुर्च्यांवर बॅगा होत्या, फाइली होत्या, एकीवर कुणाचा तरी चष्मा होता. माणसं नव्हती. दाराजवळच्या हजेरीच्या स्क्रीनवर मात्र हॉल भरलेला दिसत होता. सगळे बॅज स्कॅन करून बाजूच्या दाराने पार्टिशनपलीकडे, कंपन्यांच्या स्टॉलवर निघून गेले होते.

मी भूलतज्ज्ञ आहे. म्हणजे ऑपरेशनआधी भूल द्यायची आणि पेशंट परत जागा होईपर्यंत त्याच्या उशाशी थांबायचं, हे माझं काम. आमच्या भागातल्या डॉक्टर आणि नर्सेसची ही एक दिवसाची कॉन्फरन्स गोखिवऱ्याच्या एका हॉलमध्ये होती आणि मी तिची सेक्रेटरी होते. साडेअकराला राऊत सिस्टरांचं सेशन ठेवलं होतं, विषय मॉनिटरचे अलार्म. सिस्टर वटार गावच्या. सगळी नोकरी आयसीयूत काढून रिटायर झालेल्या.

आठ दिवस आधी मॉनिटर विकणाऱ्या कंपनीचा फोन आला. डेमो आणि लकी ड्रॉ त्यांना साडेअकरालाच हवा होता. दुपारचं जेवण त्यांच्याकडून होतं.

"सर, मग सिस्टरांच्या सेशनला कोण बसणार?" मी आमच्या अध्यक्षांना, डॉ. सामंतांना विचारलं.

"मध्ये पार्टिशन टाकू ना. ज्याला शिकायचंय तो बसेल. तू टेन्शन नको घेऊस."

मी घेतलं नाही. उलट त्या दिवशी सकाळी कंपनीचा सेल्समन म्हणाला, "मॅडम, डेमोला कोणीतरी झोपायला द्या ना, दहा मिनिटं फक्त," तेव्हा मी आमच्या ओटीचे, म्हणजे ऑपरेशन थिएटरचे, टेक्निशियन म्हात्रे यांना पाठवलं. बारा वर्षं आम्ही एकत्र काम करतोय. कुणाला नाही म्हणणं त्यांना जमत नाही, हे मला माहीत होतं.

सिस्टर रिकाम्या खुर्च्यांसमोर उभ्या राहिल्या आणि हॉल गच्च भरलेला असावा तशा बोलायला लागल्या. स्लाइड नाही, काही नाही. त्यांनी स्वतःची चूक सांगितली. वॉर्डातल्या एका बाईंचा अलार्म दिवसभर सारखा वाजत होता. वायर सैल असेल म्हणून सिस्टरांनी तो म्यूट केला.

"बाई गेल्या. नंतर मी स्वतः तपासलं," सिस्टर म्हणाल्या. "वायर घट्ट होती."

मग त्यांनी आम्हाला डोळे मिटायला सांगितले आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. नुसते तीन सूर म्हणजे येऊन बघा. तीन आणि दोन म्हणजे धावा. रेकॉर्डिंग संपलं, सिस्टरांनी मोबाइल बंद केला, तरी तीन आणि दोन वाजतच राहिले.

मी डोळे उघडले. सिस्टर पार्टिशनकडे बघत होत्या.

"डेमो चाललाय पलीकडे," मागून कोणीतरी म्हणालं.

"डेमोत हा इतका वेळ वाजू देत नाहीत," सिस्टर म्हणाल्या. "गिऱ्हाईक पळेल."

तेवढ्यात आवाज थांबला. मला हायसं वाटलं. सिस्टरांचा चेहरा मात्र उतरला.

"कोणीतरी बंद केला," म्हणत त्या स्टेजवरून उतरल्याही. मी त्यांच्यामागे धावले.

पलीकडे लख्ख दिवे होते. माइकवर नंबर पुकारले जात होते. शंभरेक डॉक्टर आणि नर्स चिठ्ठ्यांच्या बरणीकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागे, चार हातांवर, बेडवर म्हात्रे पडले होते. डोळे अर्धवट उघडे. मॉनिटरचा लाल दिवा उघडझाप करत होता, आवाजाशिवाय.

"वायर लूज झाली मॅडम, म्हणून म्यूट केलं," सेल्समन हसत म्हणाला. "काका तर मस्त झोपलेत."

स्क्रीनवर दोन रेघा असतात. एक छातीवरच्या वायरींची, दुसरी बोटाला लावलेल्या चिमट्याची. छातीची वायर सुटली तर बोटाची रेघ चालू राहते. इथे वरची रेघ वेडीवाकडी थरथरत होती आणि खालची सपाट होती. दोन्ही एकदम बिघडतात तेव्हा वायर सुटलेली नसते. माणूस सुटत असतो.

मी म्हात्र्यांच्या मानेवर बोटं ठेवली. नाडी नव्हती.

सिस्टरांनी छाती दाबायला सुरुवातही केली होती. "शॉक मशीन आणा!" मी ओरडले. माइकवर पुढचा नंबर पुकारला गेला आणि गर्दीतून कोणीतरी "आलो, आलो" म्हणालं.

शेजारच्या स्टॉलवर शॉक मशीन होतं. मी उचललं तर पिसासारखं हलकं. आत काहीच नव्हतं, नुसतं दाखवायचं खोकं. आता माइक बंद झाला होता, आणि एवढ्या माणसांत सिस्टरांचं मोजणं तेवढं ऐकू येत होतं. तिसऱ्या स्टॉलवरचं मशीन खरं निघालं. पहिल्या शॉकने काही झालं नाही. दुसऱ्यानंतर बोटाची रेघ हलली. एक बारीक उंचवटा. मग दुसरा.

म्हात्रे वाचले. अँजिओप्लास्टी झाली, तीन महिन्यांनी ते कामावर आले. पहिल्याच दिवशी ओटीत हात धुताना मला म्हणाले, "मॅडम, छातीत जड वाटत होतं. मी बोललो त्या पोराला. तो बोलला, काका हलू नका, ग्राफ खराब होतो. म्हणून मग नाय हललो."

मी नळ बंद केला. माफी मागितली, तर तेच संकोचले.

पुढे कंपनीचं पत्र आलं. भर कॉन्फरन्समध्ये आमच्या मॉनिटरने जीव वाचवला, असं माहितीपत्रक काढायचंय, तुमच्या दोन ओळी द्या. मी दिल्या. 'हृदय थांबल्याचं मॉनिटरने बरोबर ओळखलं. त्याचा आवाज तुमच्या माणसाने बंद केला.' खाली लिहिलं, छापायच्या तर दोन्ही छापा. त्यांनी एकही छापली नाही.

आता सेशन चालू असताना आम्ही स्टॉलच्या भागाला कुलूप लावतो. स्पॉन्सर कमी झाले. सामंत सर अधूनमधून कुरकुरतात. शिकवणं आणि विकणं एकाच वेळेला ठेवलं की गर्दी कुठे जाते, हे मला आधीही माहीत होतं. गर्दीतला प्रत्येक जण डॉक्टर असला तरी पेशंट एकटा असू शकतो, हे मात्र त्या दिवशी कळलं.