दाराशेजारचा पंजा

नाईलकाठच्या त्या गावात मजला पुरा झाला की मेंढा कापायचा आणि ज्याचा मजला, त्याचा रक्ताने माखलेला पंजा दाराशेजारी उमटवायचा, अशी रीत होती. मुतवल्ली नावाच्या गावकऱ्याच्या घरात तळमजल्यावर त्याचा स्वतःचा पंजा होता, वर थोरल्या मुलाचा. धाकट्या रिदासाठी गच्चीत सळया उभ्या सोडल्या होत्या. स्लॅबला पाणी मात्र प्रत्येक वेळी त्याच्या बायकोने, सनियानेच मारलं, डोक्यावरून घागरी वाहून.

रिदा इटलीला गेला आणि तिकडचाच झाला. सळया गंजल्या. मग मुलगी नेअमत विधवा होऊन दोन पोरींसह माहेरी परतली, तेव्हा सनियाने नवऱ्याच्या मागे लागून तिसरा मजला चढवून घेतला.

मेंढा कापल्यावर मुतवल्ली म्हणाला, "भिंत कोरीच राहू दे. रिदा आला की उमटवेल."

"अहो, तो आला तर पाहुण्यासारखा येईल," सनिया कडाडली. "इथे राहणार कोण? माझी पोरगीच ना?" तिने नेअमतचा हात धरून रक्ताच्या परातीत बुडवला आणि भिंतीवर दाबला.

सगळे जेवायला बसल्यावर सनिया परात घेऊन तळमजल्याच्या दाराशी आली. नवऱ्याचा पंजा केव्हाच काळा पडला होता. त्याच्या शेजारी तिने आपला हात दाबला, पण रक्त गोठत आलं होतं, काहीच उमटलं नाही.

तिने कोपऱ्यातली घागर उचलली, परातीत थोडं पाणी ओतलं आणि हात पुन्हा बुडवला.