लाल रेघेखालचा माणूस

आमच्या मदत संस्थेच्या शाखेचं वर्ष ठरलेलं असतं. उन्हाळ्यात पाणपोई, थंडीत स्टँडवर झोपणाऱ्यांना चादरी, नवरात्रात तुळजापूरला पायी निघालेल्यांसाठी मलमपट्टीचा तंबू आणि त्याच्या आधी, पितृपक्षात, रक्तदान शिबिर. पितृपक्षात लग्न नाही, मुहूर्त नाही, माणसं मोकळी सापडतात. नवरात्र लागलं की निम्मी जनता उपाशी. हे डोकं माझं, आणि त्याचा मला भारी अभिमान. मी निवृत्त शिक्षक, शाखेचा सचिव.

ओ निगेटिव्ह रक्ताची माणसं आमच्या यादीत चारच. त्यांना शिबिराला बोलवायचं नाही, अडीनडीला राखून ठेवायचं, असा जुना नियम. पण त्या वर्षी मला शिबिर मोठं दिसायला हवं होतं. मी चौघांनाही बोलावलं. तिघं आले. चौथा माझाच जुना विद्यार्थी, मेंढरं राखणारा. मेंढी अडलीय म्हणून तो आला नाही. मी त्याला सगळ्यांदेखत फोनवर झापलं. शब्द पाळता येत नसेल तर यादीत नाव कशाला, असं म्हणून त्याच्या नावावर लाल रेघ मारली.

पाचव्या माळेला सकाळी तंबूत एका बाईच्या तळपायाचे फोड धूत होतो. साडेदहाला धाराशिवच्या एका दवाखान्यातून फोन आला. बाळंतीण होती. मूल सुखरूप, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. रक्तगट ओ निगेटिव्ह. होती ती एकुलती पिशवी लावली होती, दुसरी लवकर हवी होती.

एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा देता येत नाही. हे शिबिरात माईकवरून मीच सांगितलं होतं. तरी मी त्या तिघांना फोन लावले. त्यातला एकजण तर चाचरत म्हणाला, आत्ताच तर घेतलंत की गुरुजी. शिबिरातल्या पिशव्या सोलापूरच्या रक्तपेढीत गेल्या होत्या. तिथं फोन केला. बाळंतिणीचा नमुना न्यायचा, जुळवायचा, पिशवी घेऊन परत यायचं, म्हणजे तीन तास. लातूरला विचारलं, तिथं नव्हतंच.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला. यादीत आणखी कुणीच नाही का, त्यांनी विचारलं. बघतो, म्हणालो. बघायचं काय होतं? यादी मांडीवरच होती, त्यात लाल रेघेखालचं ते नावही. आता कशी आठवण झाली, असं तो म्हणेल, याची मला भीती वाटत होती. तिकडं एका बाईचा जीव चालला होता आणि मी माझं तोंड कुठं लपवू हे शोधत होतो. आजही ते आठवलं की माझाच मला राग येतो.

शेवटी फोन लावला. कुठला दवाखाना, एवढंच त्यानं विचारलं. मीही तंबू सोडून तिकडं गेलो. मेंढरं बायकोवर सोपवून, कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून तो अनवाणीच आला. पाच दिवस नुसत्या दुधावर होता. पोटात काहीतरी गेल्याशिवाय रक्त घेणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कँटीनमध्ये पोहे होते. नवरात्राचा उपवास मोडतोय, असं मी काहीतरी पुटपुटलो. त्यानं पहिला घास घेतला.

"देवीचं मी बघून घेतो," तो म्हणाला.

मग तपासण्या, मग रक्त. बाळंतिणीची आई कपड्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन दाराशी उभी होती. तीनच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. रक्त थांबलं होतं. ती आई तिथंच खाली बसली.

आम्ही दोघं बाहेर लिंबाखाली आलो. त्यानं मोबाईल काढून त्यात काहीतरी पाहिलं.

"गुरुजी, दवाखान्याचा फोन तुमाला कवा आला व्हता?"

"साडेदहाला."

"मला अकरा वाजून पाच मिनिटांनी केला तुमी."

सोलापूर, लातूर, सगळी कारणं तोंडाशी आली होती. ती गिळली.

"तुला फोन करायची लाज वाटत होती," मी म्हणालो.

त्यानं मोबाईल खिशात ठेवला.

"बाई गेली असती की, गुरुजी," तो हळूच म्हणाला.