रेघेखालचे साठ

एसटी कुरकुंभ फाट्यावर आली की केमिकलचा तो गोडसर, घशाला लागणारा वास येतो आणि मला कंपनीच्या कॅन्टीनमधलं कोपऱ्यातलं टेबल दिसतं. जेवणाच्या सुट्टीत आम्ही चौघं तिथं पत्त्यांतला ब्रिज खेळायचो. अर्धा राहिलेला खेळ दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर पुढं चालायचा. माझे जोडीदार आप्पा. समोरच्या जोडीतले खुटबावचे मामा दहा गुणांसाठीसुद्धा भांडायचे. बोली, म्हणजे आधी सांगितलेले हात, पुरी केल्याचे गुण कागदावरच्या रेघेखाली मांडतात आणि तिथं शंभर भरले की गेम होतो; आधी दोन गेम करील ती जोडी खेळ जिंकते. आप्पा अचानक हार्ट अटॅकनं गेले, तेव्हा मामांचा एक गेम झाला होता आणि आमचे रेघेखाली साठ होते. खेळ अर्धवट सुटला तर एक गेम झालेल्या जोडीला तीनशे गुण द्यायचे, असा नियम आहे. तेराव्यानंतर मी कागद पुढं केला. म्हणालो, "मामा, तुमचे तीनशे मांडा." मामांनी पेन उघडलं, बराच वेळ आमच्या साठांकडं पाहिलं आणि टोपण परत लावलं. "पत्ते वाटायची पाळी आप्पाची हाय," ते म्हणाले. "त्यो वाटंल तवा मांडू." तो कागद अजून माझ्या पाकिटात आहे. नवा कागद आमच्यापैकी कुणीच आखला नाही.