यादीतला सतरा नंबर

सोमवारी सकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. आमच्या धरमपेठच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये किस्से उष्ट्या भांड्यांसारखे साचतात. एक घासावं, तर दोन पडतात!

त्या दिवशी परीक्षा होती, म्हणून मी झाडायला लवकर गेले. खोलीत मी एकटी. आणि वीसच्या वीस बंद कॉम्प्युटर आपोआप सुरू झाले! मी झाडू घेऊन थेट चौकात.

क्लासचे कॉम्प्युटर सांभाळणारे बावणे सर गाडीवरून येत होते. "पळून काहून राहिली वं माया? भूत नाही, माझी फाइल आहे ते!"

मग समजावलं. कॉम्प्युटर बंद केला तरी नेटची वायर लागते ते कार्ड जागंच राहतं. सरांचा स्वतःचा कॉम्प्युटर रात्रंदिवस चालू, त्यावरच्या फाइलीत वीस कार्डांची यादी. सहा दहाला फाइल एकेकाला हाक मारते, आणि उठला की पडद्यावर लिहून देते, "उठला".

मी सातवी शिकलेली. म्हटलं, "म्हणजे शाळेची हजेरीच की!"

*

खंडेनवमीला मशीनची पूजा. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. भटजींना पुढे बरीच घरं होती, म्हणून ते सहालाच आले. मी सगळ्यांना कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. आरती झाली आणि हार घातलेले वीसही पडदे उजळले. भटजींची घंटी हातातच राहिली!

फाइल थांबवायला सर विसरले होते. म्हणतात कसे, "पूजा पावली, महाराज!"

*

मग सतरा नंबरचा कॉम्प्युटर जळाला. सरांनी त्याचं कार्ड काढून ड्रॉवरमध्ये टाकलं, बाकीचा भंगारात दिला. माझी ओवी तीन वर्षांची, दुपारी माझ्यासोबत असते. तिला ते हिरवं कार्ड आवडलं. खेळण्यांच्या डब्यात घालून घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सर पडद्याकडे बघत बसलेले. "माया, यादीतून त्याचं नाव काढायचं राहिलं माझ्याकडून, ते ठीक. पण हे 'सतरा: उठला' कोण लिहून राहिलं?"

*

आठपर्यंत लोळणारी ओवी त्याच दिवसापासून सहा दहाला ताठ उठून बसायला लागली. डोळे उघडे, आवाज नाही.

सासूबाई म्हणाल्या, "लेकराले नजर लागली." मीठमिरच्या ओवाळल्या. मी कार्ड सरांना परत केलं. तरी सहा दहा! रामटेकला आईकडे नेलं. तिथेही सहा दहा!

शेवटी सरांच्या पाया पडले. "सर, यादीतला तो सतरा नंबर पुसा."

सर हसले. "खुळी आहेस वं." पण पुसला.

*

दुसऱ्या दिवशी सहा दहा झाले. ओवी झोपलेली. मी देवाला हात जोडले.

सात वाजले. आठ वाजले. ताप नाही, श्वास बरोबर, पण पोरगी उठेना. पाणी शिंपडलं, गदागदा हलवलं. सासूबाई रिक्षा बघायला धावल्या. मी सरांना फोन लावला. "सर, ती ओळ परत लिहा!"

"माया, आधी दवाखान्यात ने तिले!"

"लिहा ना हो सर!"

फोनमध्ये टकटक ऐकू आली. मग सर म्हणाले, "लिहिली. चालवतो."

ओवी उठून बसली. म्हणाली, "आई, बिस्किट."

फोनवर सरांनी पडद्यावरचं हळूच वाचलं, "सतरा... उठला."

*

या महिन्याअखेर बावणे सर नोकरी सोडून चालले. नवीन सर येणार, ते म्हणे फार टापटिपीचे. त्यांना ओळखणारं कोणी असेल, तर माझा एवढा निरोप पोचवा. यादीत एक कॉम्प्युटर जास्तीचा दिसेल. दिसू द्या. ती ओळ पुसू नका.