ट्रेलरचे पोचे

“डोळ्यांनी नको बघूस, हाताने बघ,” असं म्हणत काका माझा तळवा धरून पत्र्यावरून फिरवायचे. दिसायला सपाट असलेला पत्रा मध्येच कुठेतरी खोल लागायचा. “लागला ना?” ते विचारायचे आणि त्या जागी पेन्सिलीने गोल काढायचे. त्या उन्हाळ्यात मी असे किती पोचे हाताने पाहिले असतील, देव जाणे.

कॅनडातल्या कनाटात, आमच्या समोरच्या काकांच्या घराच्या ड्राइव्हवेवर तो ट्रेलर उभा असायचा. गाडीला जोडून न्यायचं चाकांवरचं घर. जुन्या घाटाचं, टोकांना गोल, सगळं ॲल्युमिनियमचं. काका मूळचे नागपूरचे. टेलिकॉममधून रिटायर झाल्यावर काकूंनीच तो शोधून काढला होता. पडदे त्यांनी शिवले, कुकर ठेवायला कप्पा करून घेतला. असं एखादं जोडपं तुम्हीही पाहिलं असेल, मुलं लांब गेल्यावर पुन्हा एकमेकांशी गप्पा मारायला लागलेलं. दोन उन्हाळे ते ट्रेलर घेऊन फिरले. परतले की काकू आमच्या दारात यायच्या आणि कुठल्या तळ्याकाठी थालीपीठ लावलं ते सांगायच्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात, लेक सुपीरियरच्या काठच्या हायवेवर, वाऱ्याने ट्रेलर झोके घ्यायला लागला, गाडी त्याच्याबरोबर ओढली गेली आणि दोन्ही कठड्यावर जाऊन आपटली. काका खरचटण्यावर निभावले. काकूंच्या डोक्याला मार लागला. कित्येक आठवड्यांनी त्या बोलायला लागल्या, मराठी अगदी पहिल्यासारखं. पण नवऱ्याला आणि मुलीला त्या ओळखेनात. घरी सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांना एका केअर होममध्ये ठेवलं.

विमा कंपनीने ट्रेलर भंगारात काढला होता. काकांनी तो ट्रकवर घालून घरी आणवला. उजवी बाजू आत गेलेली, मागचा गोल कोपरा कागदासारखा चुरगळलेला. व्हँकुव्हरहून मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, प्लीज, लेट इट गो.” काकांनी तिला एवढंच सांगितलं, “तिचा आहे. तिला न विचारता कसा टाकू?”

रोज सकाळी ते काकूंना भेटून यायचे, मग कामाला लागायचे. पत्रे जोडणारे जुने रिवेट ड्रिलने एकेक काढायचे, फाटलेला पत्रा उतरवायचा, त्यावर ब्राउन पेपर ठेवून आकार घ्यायचा आणि तसा नवा पत्रा कापायचा. आतल्या वाकलेल्या बरगड्या त्यांनी शिकंज्यात धरून सरळ केल्या. गोल कोपरा मात्र जमेना. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ते दिवसभर ठोकत बसायचे. चार कोपरे फुकट गेले. पाचवा बसला तेव्हा शाबासकी द्यायला मी समोर गेलो, तर ते गॅरेजच्या पायरीवर बसून हाताकडे बघत होते. म्हणाले, “बसला. आता?”

रिवेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरून एकाने गन चालवायची आणि आतून दुसऱ्याने लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, म्हणजे रिवेटचं टोक पसरून बसतं. रविवारी मी आत बसायचो. दोघांच्या मध्ये पत्रा, त्यामुळे चेहरे दिसायचे नाहीत. एकदा गन थांबली ती बराच वेळ सुरूच होईना. मग पत्र्यापलीकडून काकांचा आवाज आला.

“ती म्हणाली होती, वारा फार आहे, थांबू या. दोनदा म्हणाली. मी म्हटलं, अर्धा तास काढ, पुढे चांगली जागा आहे.”

मी ठोकळा पुढच्या रिवेटवर दाबून धरला. गन सुरू झाली.

ऑक्टोबरमध्ये काम संपलं. पडदे धुऊन लावले, कुकर कप्प्यात गेला. काकांनी एका दुपारसाठी काकूंना घरी आणायची परवानगी काढली. मी आणि बायको मदतीला गेलो. व्हीलचेअर ट्रेलरसमोर उभी केली, काकांनी काकूंच्या पायांवर शाल नीट केली आणि ते दार उघडायला वळले.

“अहो,” काकू म्हणाल्या.

काका जागच्या जागी थांबले. चाळीस वर्षं ज्या हाकेला ओ दिली, तीच हाक, त्याच आवाजात. ते वळले, काकूंच्या खुर्चीपाशी खाली बसले. त्यांचा चेहरा मी त्यानंतर कधी विसरू शकलो नाही.

“अहो, तुमची गाडी छान आहे हो,” काकू म्हणाल्या. “तुमच्या मिसेस नाही आल्या?”

माझी बायको तोंड फिरवून उभी राहिली. काका खाली बसलेलेच होते. म्हणाले, “येतील.” मग काकूंना थंडी वाजायला लागली आणि आम्ही त्यांना परत पोचवलं. त्या आत काही चढल्या नाहीत.

ट्रेलर त्यांनी थँक्सगिव्हिंगनंतर एका तरुण जोडप्याला देऊन टाकला. नेताना बघायला ते बाहेर आले नाहीत. घरही गेलं. मुलीने दोघांना व्हँकुव्हरला न्यायचं ठरवलं, आणि जाण्याच्या आदल्या दिवशी मी केअर होममध्ये निरोप घ्यायला गेलो.

जेवणाची वेळ होती. काका काकूंना वरणभात भरवत होते. स्वतः करून आणलेला, मऊ कालवलेला. काकूंनी मला बसायला सांगितलं आणि मग काकांकडे बोट दाखवून, त्यांना ऐकू जाईल अशाच आवाजात म्हणाल्या, “फार चांगले गृहस्थ आहेत. ह्यांच्या मिसेस गेल्या हो, अपघातात. तरी बघा, माझ्यासाठी रोज येतात.”

मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, “रोज विचारायची, मिसेस कधी येणार म्हणून. शेवटी सांगून टाकलं.”

काकूंनी हात पुढे करून त्यांच्या दंडावर थोपटलं, दुखवट्याला आलेली बाई थोपटते तसं. काकांनी मान खाली घालून ते थोपटून घेतलं. मग पुढचा घास कालवला.