राखणदाराची बाटली

गंगाराम सारंग भला माणूस आहे, असं मालवणच्या किनाऱ्यावर कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. प्रवासी जहाजांवर त्याने हयातभर पाहुण्यांना वाइन पाजली आणि तेवढ्याच निष्ठेने मारामाऱ्या केल्या. चांगली वाइन माशाच्या रश्श्यात ओतली म्हणून एका आचाऱ्याचा जबडा हलवला. ‘लाल ती लाल, त्यात काय कळायचंय’ म्हणणाऱ्या खलाशाला जिन्यावरून खाली पाठवलं. स्वतःचे दोन दात परदेशी बंदरांत ठेवून आला, पण नाक मात्र शाबूत आणलं. लांब, टोकाला वाकलेलं, बूच हुंगून बाटलीची कुंडली मांडणारं नाक. बायको यशोदा म्हणायची, “ह्या नाकावांगडाच लगीन करूचा व्हता. माका कित्याक आणलात?”

घरी बसून तो वैतागला होता. तेवढ्यात बांद्याच्या पुढे, गोव्याच्या हद्दीतल्या एका नव्या हॉटेलाने तळघरातल्या वाइन सांभाळायला माणूस हवा म्हणून बोलावलं. सोमवारी परीक्षा. नाक चाललं तर नोकरी, नाहीतर ओसरी आणि यशोदा.

आदल्या शनिवारी बागेच्या राखणदाराला द्यायचं होतं. हा राखणदार म्हणजे बागेच्या कोपऱ्यातल्या दगडातला देवचार. वर्षातून एकदा त्याला कोंबडा, नारळ आणि घोटभर दारू लागते. पुतण्या जितेंद्र मुंबईहून आला तो परदेशी वाइनची बाटली आणि मोबाइलवर तिचं गुणपत्रक घेऊनच. साडेचार तारे, नऊ हजार लोकांनी दिलेले.

गंगारामाने बूच काढलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं.

“बिघाडली ही. बुचाची बुरशी उतरली आसा. भिजलेल्या गोणपाटाचो वास येता. राखणदाराक ही देऊ नको.”

“काका, नऊ हजार माणसं खोटी आणि तुम्ही एकटे खरे?”

“त्या नऊ हजारांनी आपापल्यो बाटल्यो उघडल्यानी, मेल्या. ही मिया उघडलंय.”

हे जितेंद्रला पटलं असणार, कारण तो भयंकर भडकला. बाटली हिसकावून दगडासमोर ओतायला वाकला. गंगारामाने त्याचं मनगट पिरगाळलं, बाटली चिऱ्यावर फुटली. पुतण्याने कोपर हाणलं, काकाने कानाखाली जाळ काढला आणि दोघे काचांवरून पाल्यात लोळले. जितेंद्रच्या तळहातात काच घुसली. गंगारामाने उरल्या दातांनी त्याचा खांदा फोडला. कोंबडा सुटून शेजाऱ्यांच्या हद्दीत गेला. त्या दिवशी रक्त न सांडलेला तेवढाच एक. यशोदा सोडवायला म्हणून धावली आणि राखणदाराचा नारळ तिने पुतण्याच्या पाठीत घातला. त्या दणक्याने जितेंद्रचं कपाळ काकाच्या नाकावर आपटलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. रक्त हनुवटीवरून सदऱ्यात उतरलं. नाक नेमकं कोणी मोडलं, यावर वाडीत अजून दोन पक्ष आहेत.

सोमवारी गंगाराम हॉटेलात गेला तो नाकात बोळे आणि डोळ्यांखाली निळं घेऊन. गाडी चालवायला जितेंद्रच, तळहाताला पट्टी बांधून. हॉटेलच्या व्यवस्थापक शर्मिलाबाईंनी तीन ग्लास मांडले. गंगारामाने एकेक उचलला, रंग बघितला, खाली ठेवला.

“आज माझं नाक बंद आहे,” तो कचेरीतल्या मराठीत म्हणाला. “आता बोललो तर ते नुसतं मत होईल. मतं तुमच्या मोबाइलात भरपूर आहेत.”

“मग?”

“नाक उघडलं की येतो.”

बाईंनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही.

परतताना बांद्याच्या बाजारात गाडी अडकली. जितेंद्र म्हणाला, “काका, एक घोट घेऊन ‘छान’ म्हणायचं होतं. कोणाला कळलं असतं?”

गंगारामाने अशी थोबाडीत दिली की पुतण्याचं डोकं स्टिअरिंगवर आपटून हॉर्न वाजला. मासेवाल्या वळून बघू लागल्या.

“फुडे बघून चलव,” काका म्हणाला.

बऱ्याच दिवसांनी उजवी नाकपुडी उघडली. तेवढी घेऊन गंगाराम पुन्हा गेला, बाईंनी पुन्हा मांडलेले तीन ग्लास हुंगून मधला बाजूला सारला. “हा ओतून टाका.” बाईंनी बिघडलेली वाइन मुद्दामच ठेवली होती.

नोकरी उजवीवर चालू आहे. डावीचा विषय यशोदेसमोर काढायचा नाही.